हिवाळा बरा की उन्हाळा: सांगली-साताऱ्यात दोन्ही ऋतू सुखाचे करायचे कसे

उत्तर आधी, रीत नंतर. सांगली-सातारा पट्ट्यात हिवाळा जास्त सुखाचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुपारी स्वेटर लागत नाही आणि रात्री पंखा लागत नाही. वर्षात एवढा सलग काळ दुसऱ्या कुठल्या ऋतूत मिळत नाही. पण हे उत्तर अंगणात उभ्या असलेल्या माणसाचं झालं. घरात राहणाऱ्याचं सुख छपरावर ठरतं. एकाच गल्लीत दोन घरं असतात, एकात एप्रिलच्या रात्री सतरंजीवर झोप लागते, दुसऱ्यात बारापर्यंत कूस बदलत पडावं लागतं. आकाश दोघांना एकच असतं, फरक छताचा आणि खिडक्या कधी उघडतात याचा. म्हणून इथे जास्त जागा उन्हाळ्याच्या तयारीला दिली आहे. हिवाळा आपोआप बरा असतो, उन्हाळा बरा करून घ्यावा लागतो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. दोन्ही जिल्ह्यांत ऋतू सगळीकडे सारखा नसतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, सातारा शहर सुमारे ७४० वर आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० वर आहे. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे सांगलीत पारा ४० असताना महाबळेश्वरात तो ३५ च्या आसपास असतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पर्जन्यछायेतला भाग. तिथे हवा कोरडी, दुपार कडक, पण रात्र लवकर निवते. कृष्णाकाठी उसाच्या फडांमुळे आणि पाटाच्या पाण्यामुळे हवेत ओल जास्त, त्यामुळे पारा दोन अंश कमी असूनही रात्री अंग चिकचिकतं. खाली सांगितलेल्या काही उपायांचा कोरड्या भागात जेवढा उपयोग होतो तेवढा नदीकाठी होत नाही. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दोषी कोण ते शोधा

मार्चअखेरच्या एखाद्या रात्री नऊ वाजता स्टुलावर उभं राहून तळहात छताला लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला, मग पूर्वेच्या. छत भिंतीपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर खर्च छतावर करा. पश्चिमेची भिंत गरम आणि छत बरं असेल (वर दुसरा मजला असला की असंच होतं) तर त्या भिंतीला सावली हवी. तिन्ही सारखीच कोमट आणि खोली तरी कोंदट असेल तर हवा खेळत नाही एवढाच दोष आहे, आणि तो फुकटात सुटतो. हे न तपासता लोक सरळ एसी घेतात, आणि तो रात्रभर तापल्या स्लॅबशी झुंजत राहतो.

साधा भिंतीवरचा थर्मामीटर घेऊन सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा चार-पाच दिवस नोंद ठेवली तर आणखी बरं. एक खोलीत, एक बाहेर सावलीत. रात्री नऊला आतला पारा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर दिसला तर घर दिवसभराची उष्णता धरून बसलं आहे असं समजा.

स्लॅबचं घर: चुन्याचा हात

पाच इंची स्लॅबमधून वरची उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी दोनला गच्ची पाय भाजते आणि छत खालून सगळ्यात गरम होतं ते संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, नेमकं सगळे घरी असताना. वरून पंखा लावला की तो हीच छताजवळची गरम हवा खाली ढकलतो. उपाय एकच, ऊन स्लॅबमध्ये शिरूच द्यायचं नाही. त्यासाठी पांढऱ्या चुन्याइतकं स्वस्त काही नाही.

हजार चौरस फुटांच्या गच्चीला तीन हातांसाठी २५ ते ३० किलो कळीचा चुना लागतो. विरवायचं प्रमाण एका किलोला पाच लिटर पाणी. चुना लोखंडी पिंपात विरवा, प्लास्टिकच्या बादलीत नाही. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, बादली वितळते. आधी पिंपात पाणी घ्यायचं आणि त्यात थोडा थोडा चुना सोडायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर तो अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात चुना गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. मुलांना त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नका.

एक दिवस विरू द्या, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. गाळला नाही तर खडे राहतात, ते नंतर फुगतात आणि पोपडे निघतात. गाळलेल्या चुन्यात किलोमागे शंभरेक मिली पांढरा फेव्हिकॉल घाला, म्हणजे तो पायाला आणि हाताला लागत नाही. भिंतीच्या सफेदीत काही जण मीठ घालतात. स्लॅबवर ते घालू नका. मिठाने आतली सळई गंजायला लागते.

गच्ची झाडून, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून, भेगा भरून घ्या. मग पाणी शिंपडून स्लॅब ओला करा आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर हात मारा. तापल्या स्लॅबवर चुना लावला तर तो धरायच्या आधीच सुकतो आणि भुकटी होऊन वाऱ्यावर जातो. बहुतेकांचा चुना महिन्याभरात का निघतो याचं कारण हेच. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, आणि दोन हातांत एक दिवसाचं अंतर ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हे उरकलं तर मार्च ते मे पूर्ण फायदा मिळतो. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि झोप लागणं किंवा न लागणं याच दोन-तीन अंशांवर ठरतं. एप्रिलमध्ये धूळ बसून पांढरा रंग मळका होतो, तेव्हा एकदा झाडून घ्या. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, हरकत नाही, हिवाळ्यात स्लॅब तापलेला बराच असतो. गच्चीचं पाणी टाकीत किंवा बोअरमध्ये सोडत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांत तो पाइप काढून ठेवा.

गच्चीवर पाणी मारायचं असेल तर सूर्य बुडाल्यावर मारा. भर दुपारी तापल्या स्लॅबवर थंड पाणी ओतलं की बारीक भेगा पडतात, आणि त्या पावसाळ्यात गळतात. हजार चौरस फुटांना तीन-चार बादल्या पुरतात, पाणी साचवायची गरज नाही. पाणीटंचाईच्या गावात हा उपाय सोडून द्या, चुना पुरेसा आहे.

पत्र्याचं घर आणि माळवद

पत्रा स्लॅबच्या उलट वागतो. दुपारी लगेच तापतो, सूर्य बुडाला की तासाभरात निवतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात दुपार वाईट आणि रात्र बरी. आपल्याकडे सगळ्यात सोपा उपाय पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याचा थर टाकणं. थर नऊ ते बारा इंचांचा हवा. चार इंची थरातून ऊन झिरपतं आणि पाचट निव्वळ उडत राहतं. वरून जुनं शेडनेट किंवा द्राक्षबागेतली जुनी जाळी घालून चारी बाजूंना तारेने आवळा, नाहीतर एप्रिलच्या वळवाच्या वाऱ्यात सगळा थर शेजाऱ्याच्या दारात. विजेची तार, चुलीचं धुराडं आणि पाचट यांत किमान चार-पाच फुटांचं अंतर असू द्या. पाचट फार झटकन पेटतं. दिवाळीच्या आत ते काढून टाका, कारण फटाके, उंदीर आणि विंचू हे तिन्ही धोके असतात.

पत्र्याखाली थर्माकोल चिकटवू नका. जळाला तर वितळून अंगावर पडतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्याऐवजी पत्र्याच्या खाली अर्धा-पाऊण फूट पोकळी सोडून बांबूच्या चटईचं छत घाला. पोकळीच्या दोन्ही टोकांना, त्रिकोणी भिंतीत, जाळीची झरोकी ठेवा. झरोकी नसतील तर पोकळीतली हवा कोंडते आणि चटईही तापते.

माण, खटाव, जत, आटपाडीकडची जुनी माळवदं, म्हणजे तुळयांवर माती टाकलेली सपाट छपरं, या सगळ्यांपेक्षा सरस. फूटभर मातीचा थर दुपारचं ऊन रात्रीपर्यंत खाली येऊच देत नाही आणि हिवाळ्यात आतली ऊब धरून ठेवतो. माळवद चांगल्या स्थितीत असेल तर ते पाडून स्लॅब टाकायची घाई करू नका. मे महिन्यात वरची माती कुटून, पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन, उतार पन्हाळीकडे नीट आहे ना ते पाहिलं की ते पावसाळाही निभावतं. तुळया वाळवीने पोखरल्या असतील तर मात्र वर आणखी माती चढवायची नाही. तो भार धोक्याचा.

ऊन कुठून येतं ते पाहून सावली करा

सांगलीत मेच्या ७-८ तारखेच्या सुमारास आणि साताऱ्यात त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली पडत नाही. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. घराची सगळी रचना या दोन टोकांवर बेतता येते.

दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर उन्हाळ्यात भर दुपारी तिथून ऊन आत येत नाही. डिसेंबरात त्याच छज्ज्याची सावली मध्यान्ही सुमारे २.४ फूट खाली पडते. म्हणजे चार फुटांच्या खिडकीचा खालचा दीडेक फूट ऊन आत घेतो, आणि थंडीच्या दुपारी तेच हवं असतं. यातून दोन गोष्टी निघतात. एक, दक्षिणेच्या खिडकीसमोर दाट सदाहरित झाड लावू नका. मे महिन्यात त्याचा फायदा नाही आणि डिसेंबरचं ऊन मात्र जातं. दोन, छज्जा पश्चिमेला फारसा कामाचा नाही. दुपारी तीननंतर ऊन तिरपं, समोरून येतं. पश्चिमेला उभी सावली हवी: बाहेरून लावलेला बांबूचा किंवा वाळ्याचा पडदा, वेल चढवलेली जाळी किंवा झाड.

पडदा बाहेरूनच लावा. काचेच्या आत लावलेला जाड पडदा ऊन थांबवतो, पण तोवर उष्णता घरात आलेली असते. वेलीला घोसाळी किंवा कारली चालतात, पण त्यांची सावली जानेवारीत बी टाकलं तरच एप्रिलपर्यंत दाट होते. झाडांत कडुनिंब उत्तम, पण त्याला वर्षं लागतात. शेवगा दोन वर्षांत भिंतीएवढा होतो, मात्र त्याची फांदी ठिसूळ असते, वळवाच्या वाऱ्यात मोडते. भिंतीपासून दहा-बारा फूट लांब लावा आणि शेंगा संपल्या की छाटा.

खिडक्यांचं वेळापत्रक

याला पैसा लागत नाही आणि तरी हेच सगळ्यात कमी लोक पाळतात. मार्च-एप्रिलमध्ये, विशेषतः कोरड्या भागात, दुपार आणि पहाट यांच्या पाऱ्यात पंधरा अंशांच्या आसपास फरक असतो. त्या पहाटेच्या थंडाव्याने भिंती निववून घ्यायच्या आणि दिवसभर तो थंडावा आत कोंडून ठेवायचा. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागली की (साधारण सात वाजता) समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या उघडा आणि सकाळी साडेआठ-नऊपर्यंत उघड्या ठेवा. नऊला खिडक्या, पडदे, दारं बंद. दुपारी «हवा यावी म्हणून» पश्चिमेची खिडकी उघडणं म्हणजे झळ घरात बोलावणं.

डासांमुळे रात्री खिडक्या बंद ठेवाव्या लागत असतील तर जाळ्या बसवणं हा उन्हाळ्याचा पहिला खर्च धरा, कूलर नंतर. साताऱ्यात आणि पश्चिमेच्या घाटाकडच्या गावांत संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. त्या बाजूला खालच्या उंचीवर एक खिडकी आणि समोरच्या भिंतीत वर झरोका असेल तर पंख्याविना हवा फिरते.

पंख्याबद्दल एक. खोलीतली हवा ३५ अंशांच्या आत असेपर्यंत पंखा गारवा देतो. त्यापुढे तो अंगावर गरम हवाच टाकतो आणि घाम सुकवून तेवढा आराम देतो. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, म्हणून भर दुपारी त्यांच्यासाठी नुसता पंखा पुरत नाही. मानेवर आणि दंडांवर ओलं कापड ठेवून मग पंखा लावा.

कूलर: कधी चालतो, कधी चालत नाही

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. एक लिटर पाणी उडून जाताना जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगल्या स्थितीतला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर २८-२९ अंशांची ओलीचिंब हवा फेकतो आणि अंथरूण दमट होतं. म्हणून मार्च ते मेच्या मध्यापर्यंत कूलर लावा. वळीव पडून गेल्यावर आणि मान्सूनच्या तोंडावर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे कूलर बंद खोलीत ठेवणं. त्याला बाहेरची कोरडी हवा हवी. कूलरची पाठ खिडकीतून बाहेर आणि समोरचं दार किंवा खिडकी निदान फूटभर उघडी, तरच ओली हवा बाहेर जाते. बंद खोलीत अर्ध्या तासात आर्द्रता चढते आणि मग कूलर काहीच करत नाही.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. गवताच्या किंवा कागदी जाळीवर पांढरा थर बसतो, पाणी सगळीकडे पोचत नाही आणि जाळीचा अर्धा भाग कोरडा राहतो. कूलर चालू असताना जाळीवर हात फिरवला की कळतं. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून मगच भरा. नुसतं वरून पाणी घालत राहिलं तर क्षार साठत जातात, आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत याच पाण्यात पूर्ण करतो. गवताची जाळी दर वर्षी बदला. धातूच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो वापरूच नका, आणि पाणी भरताना प्लग काढा.

खर्चाचा अंदाज: साधा पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, घरगुती कूलर १५० ते २००, दीड टनी एसी १,५०० च्या आसपास. आठ तासांत कूलर सव्वा ते दीड युनिट घेतो. एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण वेळ चालला तर १२ युनिटपर्यंत. सातारा शहरात छत नीट केलं तर एसीची गरज क्वचितच पडते. सांगली-मिरजेत मेच्या उत्तरार्धातली दमट पंधरा-वीस दिवसांची ओढ हाच एसीचा खरा काळ.

पाणी, माठ आणि ऊन लागणं

माठही कूलरच्याच तत्त्वावर चालतो. बाहेरून ओलसर दिसणारा माठच पाणी गार करतो. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं एक-दोन दिवसांचं पाणी झाडांना घाला. ओल्या वाळूवर, सावलीत पण वारा लागेल अशा जागी ठेवा. कोनाड्यात ठेवलेला माठ गार होत नाही. साबण आणि काथ्या लावू नका, छिद्रं बुजतात. जड पाण्याने ती तशीही वर्षभरात बुजतात, म्हणून माठ दर उन्हाळ्यात नवा घ्यावा. जुना माठ तांदूळ-डाळी ठेवायला उत्तम.

उन्हात काम करणाऱ्याने तहान लागायची वाट पाहू नये, दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळत असाल तर नुसतं पाणी पुरत नाही. मीठ घातलेलं ताक, पन्हं, कोकम सरबत घ्या किंवा एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, सपाट). मीठ अंदाजाने वाढवू नका, लहान मुलांना ते धोक्याचं ठरतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ, भरपूर घाम इथपर्यंत सावली, पाणी आणि आराम पुरतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं आणि झटका आला किंवा शुद्ध हरपली की तो उष्माघात. तेव्हा घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत वारा घाला. मान, काखा, जांघा इथे बर्फ किंवा गार कापड ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

हिवाळा: थोडंच करायचं, पण नीट

इथला हिवाळा कोरडा आणि निरभ्र. ढग नसले की जमिनीची ऊब रात्री सरळ आकाशात निघून जाते, आणि गार हवा जड असल्याने सखल भागात जमते. म्हणून महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं तेव्हा वरच्या बाजारपेठेत तेवढी थंडी नसते. तोच प्रकार ओढ्याकाठच्या, नदीकाठच्या घरांना लागू होतो. तिथे संध्याकाळी साडेसहालाच खिडक्या लावून घ्या, टेकडावरच्या घराला आठ वाजले तरी चालतं. सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नाही, सूर्य उगवण्याच्या आधीची, साडेसहा ते सातची. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी फिरायला आठनंतर निघावं. साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढणाऱ्यांनी उन्हाळ्यात सहाला सुरुवात करून आठला खाली यावं, हिवाळ्यात मात्र आठला सुरुवात केली तरी ऊन सोसवतं.

दुपारी दक्षिणेच्या खिडक्या उघडून ऊन फरशीवर पडू द्या, पाचला बंद करा. गोधड्या, वाकळा, गाद्या ऑक्टोबर हीटमध्येच दोन दिवस, दोन्ही बाजूंनी कडक उन्हात घाला. पावसाळ्याची ओल राहिलेली गोधडी कितीही जाड असली तरी ऊब देत नाही. एका जाड रगापेक्षा दोन पातळ वाकळा जास्त उबदार, कारण मधली हवा ऊब धरते. फरशी गार असते, जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली चटई किंवा जुनं पोतं घालावं. वरून पांघरूण वाढवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

अंघोळीच्या पाण्यासाठी सोलर बसवत असाल तर तोंड दक्षिणेला आणि कल २७ ते ३२ अंश ठेवा. आपला अक्षांश १७ च्या आसपास, त्यात दहा-पंधरा मिळवले की हिवाळ्यातलं तिरपं ऊन पुरेपूर मिळतं. बसवणारा माणूस घाईत सपाट लावून जातो, मग तो मे महिन्यात, गरज नसताना, उकळतं पाणी देतो आणि जानेवारीत कोमट. दक्षिणेच्या झाडाची किंवा टाकीची सावली डिसेंबरात कुठवर येते ते पाहूनच जागा ठरवा. जड पाण्याने नळ्यांत खर धरते, वर्षाआड साफ करून घ्या.

आता हिवाळ्यातला सगळ्यात मोठा धोका. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आणि बंद खोलीत रात्रभर ठेवलेली कोळशाची शेगडी. दोन्हीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस दाराची कडी काढण्याआधी कोसळतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. ते जमत नसेल तर आधी बादली भरून, गीझर बंद करून, मग आत जाऊन दार लावा. शेगडीवर हात शेकायचे ते अंगणात किंवा पडवीत. झोपताना ती घरात नको, निखारे विझल्यासारखे दिसले तरी नको.

कामं कोणत्या ऋतूत काढायची

काही कामांना उन्हाळाच हवा, तिथे हिवाळ्याचं कौतुक चालत नाही. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते. फेस येऊन वास सुटेपर्यंत, पाऊण ते एक तास शिजवली की तिला १० ते १५ दिवस कडक ऊन लागतं आणि रोज संध्याकाळी ढीग करून झाकावं लागतं. दव बसलं तर रंग काळवंडतो. तासगावकडे बेदाणा होतो तोही फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यावर. शेडमध्ये, सावलीत, दोन आठवड्यांच्या आसपास. बेदाण्याला उन्हापेक्षा कोरडा वारा महत्त्वाचा. उलट शाळूचा हुरडा थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, दाणा कोवळा आणि मऊ असताना.  दाणा कडक झाला तर उशीर झाला.

कुरडया, पापड, सांडगे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढा. रात्रभर तो खाली बसू द्या, वरचं पाणी ओता. एक वाटी चिकाला एक वाटी पाणी, पाणी उकळल्यावर मीठ-हिंग घालून चीक धारेने सोडा आणि गाठी होऊ न देता पारदर्शक होईपर्यंत हटवा. सकाळी आठच्या आत गरम असतानाच घाला. गार झालेला चीक सोऱ्यातून तुटत तुटत पडतो. पहिला दिवस सलग ऊन मिळालं नाही तर कुरडई आंबूस होते, म्हणून आदल्या संध्याकाळी आकाश पाहूनच गहू वाटायला घ्या. पाणी बदलत राहिलं तर भिजलेला गहू एक दिवस जास्त थांबतो, निघालेला चीक थांबत नाही.

एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी तीनला पश्चिमेकडे उंच, फुलकोबीसारखे ढग चढायला लागले आणि वारा एकाएकी पडला की तासा-दोन तासांत वळीव येऊ शकतो. वाळवण त्याच वेळी आत घ्या, पहिल्या थेंबाची वाट पाहू नका, कारण वळवात आधी धूळ येते आणि मग पाणी. अर्धवट वाळलेलं वाळवण डब्यात भरायचं नाही. पंख्याखाली चादरीवर पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दहानंतर, गच्ची पूर्ण सुकल्यावर, पुन्हा वर न्या.